बदलाचा दर म्हणजे नेमकं काय आणि तो कुठे वापरतात?

एक गोष्ट एका एककाने बदलली की दुसरी किती बदलते तो बदलाचा दर, म्हणजे दुसरीतला फरक भागिले पहिलीतला फरक, बस. समजा मे महिन्यात नागपुरात सकाळी 8 ला 32 अंश अन् दुपारी 2 ला 44, तर 12 भागिले 6, तासाला 2 अंश, अन् संध्याकाळी पारा उतरला की हाच दर मायनसमध्ये येतो. मी अकरावी-बारावीच्या ट्युशन घेतो, पोरं भागाकार बरोबर करतात पण एकक लिहीतच नाहीत, नुसत्या 2 ला काही अर्थ नाही ना! फक्त हा सरासरी दर आहे, बरोबर 11 वाजता पारा किती वेगाने चढत होता ते यातून कळत नाही, त्यासाठी वेळेतला फरक शून्याकडे नेत जायचा, तेव्हा दर ज्या आकड्याकडे जातो तेच डेरिव्हेटिव्ह, म्हणजे त्या क्षणाचा दर.