वाचकांचे प्रश्न : टेकूवरची इमारत, संक्रमण शिबिर आणि म्हाडाची सोडत

प्रश्न : गिरगावातील आमची चाळ १९४० पूर्वीची आहे. दोन वर्षांपासून गॅलरीला लाकडी टेकू लावलेले आहेत आणि घरमालक दुरुस्तीचे नाव काढत नाहीत. आता इमारत रिकामी करण्याची नोटीस जिन्याजवळच्या भिंतीवर चिकटवली आहे. भाडेपावती अजून दिवंगत वडिलांच्या नावावर आहे. संक्रमण शिबिरात गेलो तर पुन्हा गिरगावात येऊ, याची खात्री काय?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या पत्रात दोन भीती आहेत. एक इमारत पडण्याची, दुसरी गिरगाव कायमचे सुटण्याची. यातली पहिली आधी दूर केली पाहिजे. इमारत राहण्यास धोकादायक ठरली असेल, तर ‘एवढा पावसाळा काढू’ असे म्हणून थांबू नये. २०१७ च्या ऑगस्टअखेरीस भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली तेव्हा तीसहून अधिक माणसे दगावली. त्याच इमारतीतील काही कुटुंबे त्यापूर्वीच दुसरीकडे राहायला गेली होती आणि म्हणून वाचली.

आपली चाळ या अवस्थेला का आली, हे समजून घेतले तर पुढचा मार्गही कळतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. गिरणी-गोदीत राबणाऱ्या भाडेकरूला ते संरक्षण हवेच होते, आणि ते मिळाले हे चांगलेच झाले. पण महिन्याकाठी येणाऱ्या मोजक्या रुपयांत छपराची गळती कोणी काढायची, हा प्रश्न तसाच राहिला. पुढे इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला आणि मालमत्ता करासोबत उपकर गोळा करून त्यातून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची, अशी व्यवस्था लागली. त्या वेळी दक्षिण व मध्य मुंबईतील १९,६४२ इमारती उपकरप्राप्त, म्हणजे हा उपकर लागू असलेल्या, ठरल्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात येतात, म्हणजे आपली त्यातलीच. हे मंडळ आज म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग आहे आणि रिकाम्या केलेल्या उपकरप्राप्त इमारतीतील पात्र रहिवाशाला तात्पुरता निवारा देणे हे त्याचे काम आहे. त्यामुळे शिबिरातील गाळा मागताना आपण कोणाचे उपकार मागत नाही.

आता खात्रीबद्दल. धोकादायक ठरलेल्या उपकरप्राप्त इमारतीबाबत म्हाडा कायद्यात अलीकडे कलम ७९-अ आले आहे. त्यानुसार आधी घरमालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. त्याने तो दिला नाही तर रहिवाशांच्या नियोजित सहकारी संस्थेला तेवढीच मुदत मिळते. आणि तेथेही काही घडले नाही तर म्हाडा जागा संपादित करून स्वतः इमारत उभारू शकते. या कलमाखालील काही नोटिसा उच्च न्यायालयात गेलेल्या आहेत, म्हणून आपल्या नोटिशीवर कोणते कलम लिहिले आहे ते वकिलाला दाखवून घ्यावे. या क्रमात दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच अनेक चाळींत वाया जाते, कारण तळमजल्यावरचे दुकानदार आणि वरचे बिऱ्हाडकरू एकत्र बसत नाहीत. पुनर्विकासाला ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते. मुदतीचा पहिला दिवस उजाडण्याआधीच संस्था स्थापन करण्याची बैठक घ्या.

भूखंड पुरेसा असेल तर त्याच जागी किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मिळते. मात्र भूखंड फार अरुंद असेल किंवा रस्त्याच्या आरक्षणात जात असेल, तर तेथे इमारत होतच नाही. अशा रहिवाशांची नावे मंडळाच्या ‘बृहतसूची’ नावाच्या यादीत जातात आणि अन्यत्र झालेल्या पुनर्विकासातून मंडळाला मिळालेल्या अतिरिक्त गाळ्यांतून त्यांना घर दिले जाते. २०२३ च्या अखेरीपासून हे वाटप संगणकीय सोडतीने होऊ लागले, ही सुधारणा फार उशिरा झाली. परत गिरगावातच येऊ, असे आपल्याला आज कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याने आधी आपल्या भूखंडाचा नकाशा पाहिला आहे का, हे विचारा.

काही वर्षांपूर्वी शीवच्या प्रतीक्षानगरातील एका संक्रमण शिबिरात मी गेले होते. तेथील एका बाईंच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला पत्र्याची एक छोटी पाटी टांगलेली होती; पाडलेल्या चाळीतील त्यांच्या खोलीचा क्रमांक त्या पाटीवर होता. मुलाचा जन्म शिबिरातला, त्याचे लग्नही शिबिरातच झालेले. पाटीखालच्या तारेत ओवलेल्या भाडेपावत्या त्या बाईंनी मला एकेक करून दाखवल्या. त्यांचा दावा तगला तो त्या तारेमुळे, हे मी कधी विसरणार नाही.

म्हणून वडिलांच्या नावाची पावती ही आपली आजची पहिली काळजी असली पाहिजे. मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो. मृत्यूचा दाखला, जुनी शिधापत्रिका, वीज देयके, मतदार यादीतील नोंद आणि भावंडांचे संमतिपत्र घेऊन घरमालकाकडे व मंडळाकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. पुनर्विकासाच्या नियमात १३ जून १९९६ ही तारीख निर्णायक आहे. त्यानंतर नव्याने निर्माण केलेला भाडेहक्क ग्राह्य धरत नाहीत. त्याआधीच्या पावत्या जपून ठेवा. खोली सोडताना नोटिशीची प्रत, शिबिराचे वाटपपत्र आणि मंडळाने प्रमाणित केलेल्या रहिवासी यादीतील आपले नाव, हे तीनही कागद हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

प्रश्न : बीडीडी चाळीतल्या लोकांना १६० फुटांच्या खोलीबदली ५०० फुटांचे घर फुकट मिळते. हा पैसा आमच्या करातून जातो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुतांशी नाही, तो त्या जमिनीतूनच उभा राहतो. १९२० च्या दशकात तत्कालीन मुंबई विकास विभागाने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी) कामगारांसाठी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. एका चाळीत ऐंशी खोल्या आणि प्रत्येक मजल्यावर सामाईक शौचालये. सरकारी जमिनीवरच्या या तीन-चार मजली चाळींच्या जागी उंच इमारती उभारल्या, तर जुन्या रहिवाशांना सामावूनही मोठे बांधकाम उरते. ते बाजारभावाने विकून पुनर्वसनाचा खर्च भागवायचा, असे हे गणित आहे. वरळीतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आल्या. शिवडीच्या चाळी बंदराच्या, म्हणजे केंद्राच्या ताब्यातील जमिनीवर असल्याने मागे राहिल्या. चाळ तीच, हाल तेच; जमिनीचा मालक वेगळा, एवढ्यावरून तेथील कुटुंबे थांबली, हे मला अन्यायाचे वाटते.

या पद्धतीचा धोकाही तिच्या पोटातच आहे. विक्रीची घरे खपली नाहीत किंवा विकासकाने पैसा दुसरीकडे वळवला, तर आधी रखडते ते रहिवाशाचे घर. गोरेगावच्या पत्रा चाळीतील ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घरे रिकामी केली आणि पुढे वर्षानुवर्षे भाड्याच्या घरांत दिवस काढले. अखेर विकासकाला दूर करून म्हाडाला ते काम स्वतःच्या हाती घ्यावे लागले. त्यामुळे पुनर्वसनाची इमारत पूर्ण होईपर्यंत विक्रीच्या इमारतीला पुढे जाऊ न देणे, ही अट कागदावर नव्हे, प्रत्यक्ष जागेवर पाळली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दोघेही मुंबईत नोकरी करतात, भाड्याच्या घरात राहतात. ‘म्हाडाच्या सोडतीत नंबर लावून देतो’ म्हणून एक ओळखीचे गृहस्थ दोन लाख मागत आहेत. द्यावेत का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. २०२३ पासून नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी आणि सोडत असे सगळे संगणक प्रणालीवर होते आणि पात्रता सोडतीपूर्वीच तपासली जाते. मध्यस्थाला तेथे जागाच नाही. त्या वर्षी मुंबईत ४,०८२ घरांसाठी लाखाहून अधिक अर्ज आले होते. अशा गर्दीत नंबर लागला नाही तर दोष कोणाचाच नसतो, आणि नेमक्या याच आशेवर असे गृहस्थ पैसे उकळतात. न लागलेल्यांची अनामत रक्कम परत मिळते.

मुलाला सांगा की अधिवासाचा दाखला, पॅन, आधार आणि दोघांच्याही उत्पन्नाचे पुरावे आधीच तयार ठेवावेत, कारण उत्पन्नगट ठरवताना पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र धरतात. मुंबईसाठी वार्षिक सहा लाखांपर्यंत अत्यल्प, नऊ लाखांपर्यंत अल्प आणि बारा लाखांपर्यंत मध्यम असे गट आहेत. चुकीच्या गटात अर्ज केला तर नंबर लागूनही घर जाते. दोघांपैकी कोणाच्याही नावावर मुंबईत घर नसावे. ताबा मिळाल्यावर पाच वर्षे ते विकता येत नाही. आणि घर लागण्यापूर्वीच एकदा बँकेत जाऊन किती कर्ज मिळेल ते विचारून ठेवावे, कारण देकार पत्र (ऑफर लेटर) आल्यावर पैसे भरायला मिळणारी मुदत थोडी असते आणि ती चुकली की घर प्रतीक्षा यादीतील पुढच्या माणसाकडे जाते.