किराणा दुकानात कोणता माल किती भरायचा हे कसं ठरवतात?

चाकण एमआयडीसीच्या बाजूला नवीन गाळा घेतलाय आणि होलसेलवाल्याने दिलेली यादी अख्खी भरू का, असं विचारलंय तुम्ही. माझं पण दुकान त्याच पट्ट्यात आहे म्हणून सांगतो, अख्खी भरू नका, त्याला त्याचं गोडाऊन रिकामं करायचंय.

आधी आसपास राहतंय कोण ते फिरून बघा. भाड्याच्या खोल्यांत बिहार-यूपीची पोरं असतील तर मोहरीचं तेल आणि सत्तू (भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ) लागणारच, उन्हाळ्यात सत्तू जरा जास्तच. सोसायटीतल्या फॅमिल्या असतील तर इंद्रायणी तांदूळ, शेंगदाणे, गोडा मसाला आणि श्रावण-नवरात्रात साबुदाणा, भगर. (भगरीचं पीठ साठवून ठेवूच नका, ओल लागली की बुरशी धरते आणि विषबाधा होते लोकांना, नसता ताप.)

मग पगाराची तारीख. इकडे बहुतेकांचे पगार ७ ते १० तारखेला होतात, तेव्हा ५ किलोचा आटा, तेलाची लिटरची पिशवी असं उचलतात आणि २० नंतर तोच माणूस पाव किलो डाळ आणि शाम्पूची पुडी मागतो, म्हणजे मोठं पाकीट महिनाअखेरीला मागवून ठेवलंत तर पैसे नुसते फळीवर बसून राहतात.

दिवाळीला डबल माल भर असं सगळेच सांगतील, पण खोल्यांच्या भागात उलटं होतं, बिहार-यूपीवाल्यांचा मोठा सण छठ, ती दिवाळीनंतर सहाव्या दिवशी असते त्यामुळे पोरं आधीच गावी पळालेली असतात. रवा, मैदा, बेसन, भाजके पोहे सोसायटीवाल्यांच्या हिशोबानेच आणा.

आणि गल्ल्यापाशी एक वही ठेवा, गिऱ्हाइकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते तिथल्या तिथे लिहायचं. बिलांवर फक्त विकलेलं दिसतं हो, परत गेलेलं गिऱ्हाईक कुठेच दिसत नाही. एकच वस्तू आठवड्यात तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी विचारली की आणायची, तीही आधी सहाच नग.

सेल्समन 'बारावर एक फ्री' म्हणत येईल, त्याला पहिलं विचारा एक्स्पायरी झालेला माल परत घेणार का, तो गडबडला तर स्कीम राहू दे. सुरुवातीला निम्मं भांडवल हातातच ठेवा, होलसेल जवळ आहे, दोन दिवसाआड चक्कर मारून आणता येतं.