रंगाआधी खालचा थर : दिवाणखान्याच्या फर्निचरविषयी वाचकांचे प्रश्न

हॉलमधल्या सनमायकाच्या टीव्ही कपाटाला गेल्या वर्षी ऑइल पेंट दिला. पावसाळ्यात पापुद्रे निघाले, दारंही चौकटीला चिकटतात. त्यावरच नवा रंग देऊ का? – एक वाचक, म्हापसा

नको. सुटत चाललेल्या रंगावर दिलेला रंग त्याच्याबरोबरच सुटतो. सनमायका काही शोषून घेत नाही, त्यात वर हातांचा तेलकटपणा आणि समईची काजळी, मग रंग धरणार कशाला? पापुद्रे पत्रीने खरवडा. भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, मग दोनदा साध्या पाण्याने. कोरडं झाल्यावर आधी १८० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा, तोही फक्त चकाकी जाईपर्यंत; खालचा तपकिरी थर दिसू लागला तर घासणं जास्त झालं.

इथे साधा वुड प्रायमर कामाचा नाही. सनमायका, काच, टाइल यांच्यासाठी मिळणारा बाँडिंग प्रायमर एक हात द्या आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात नखाने खरडून बघा. सोलला तर तेल राहिलंय, पुन्हा धुवा. टिकला तर पाण्यात मिसळणाऱ्या इनॅमलचे दोन पातळ हात चार इंची फोम रोलरने द्या. ५ बाय ४ फुटांच्या कपाटाच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांना एक लिटर पुरून उरतो.

दारं चिकटतात ती जाड थरामुळे. रंग हाताला कोरडा लागला तरी आतून कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात, आपल्या दमट हवेत आणखी जास्त. बिजागऱ्या सोडवून दारं आडवी ठेवून रंगवा, आणि परत बसवताना कोपऱ्यांत सिलिकॉनची पारदर्शक बटणं चिकटवा.

जुनं सागवानी शोकेस काळं पडलंय. दारांवर देवळातल्या कावीसारखी नक्षी करता येईल? – एक वाचक, फोंडा

येईल, आणि कल्पना सुरेख आहे. फक्त सगळं सागवान झाकू नका. चौकट पॉलिशमध्येच ठेवून दारांचे पॅनेल तेवढे रंगवा.

कावीत पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडतात. खालून निघणारा पांढरा रंग हीच नक्षी. लाकडावर चुना टिकणार नाही, पण रीत तीच वापरता येते.

आधी कापसाला स्पिरिट लावून पॅनेल पुसून बघा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे, स्पिरिट आणि स्टील वूलने निघेल. मग १२० आणि २२० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासा. सागवानातला रंग पांढऱ्यातून पिवळट डाग होऊन वर येतो, म्हणून मेण काढलेला चपडा (लाखेच्या पापड्या), १०० ग्रॅम अर्धा लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, दोन हात द्या. साध्या चपड्यातल्या मेणावर पाण्याचा रंग नीट धरत नाही. त्यावर पांढऱ्या सॅटिन इनॅमलचे दोन हात द्या आणि दोन दिवस थांबा.

आता गेरू रंगाचा ॲक्रिलिक दोन भाग आणि ग्लेझिंग मीडियम एक भाग. मीडियममुळे रंग सावकाश वाळतो, तरी एका वेळी एकच पॅनेल घ्या आणि दहा-पंधरा मिनिटांत बांबूच्या टोकदार काडीने नक्षी ओढा. काडी दर रेघेनंतर पुसा, नाहीतर कडेला रंगाच्या गाठी येतात. हात चुकला तर लगेच ओल्या फडक्याने सगळं पुसून टाका. खालचा पांढरा थर फडक्याने न निघण्याइतका वाळलेला असतो, त्याला काही होत नाही. पहिली नक्षी प्लायच्या तुकड्यावरच करा.

दोन दिवसांनी पाण्याच्या मॅट पीयूचे (पॉलीयुरेथेन या पारदर्शक लेपाचे) दोन हात. मेण लावू नका, पावसाळ्यात ते चिकट होतं आणि त्यावर बुरशी धरते. चौकटीचं लाखेचं पॉलिशही पाऊस चालू असताना करू नका, पांढरट पडतं.

जुन्या ऑइल पेंटचा पेटारा घासून रंगवायचाय. घरात लहान मूल आहे. – एक वाचक, मडगाव

कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. रंग घट्ट असेल तर वॉटर पेपरने ओला घासा, मास्क लावा, चिखल पाण्यात न सोडता कागदात गुंडाळून टाका. काम वसरीत करा, आणि मुलाला तोवर शेजारी पाठवा.