विली नेल्सन यांना आधी ओळख मिळाली ती गीतकार म्हणून की गायक म्हणून?
अमेरिकन कंट्री संगीतातले (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय गीतशैलीतले) गायक-गीतकार विली नेल्सन यांना आधी ओळख मिळाली ती गीतकार म्हणूनच. टेक्सासहून १९६० मध्ये कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरात आल्यावर त्यांनी रचलेली ‘हॅलो वॉल्स’ आणि ‘क्रेझी’ ही गाणी १९६१ मध्ये अनुक्रमे फॅरन यंग आणि पॅट्सी क्लाइन यांच्या आवाजात गाजली. त्या तबकड्यांवर गीतकार म्हणून नेल्सन यांचेच नाव आहे. त्यांचा स्वतःचा पहिला अल्बम १९६२ मध्ये आला, परंतु तालाच्या किंचित मागेपुढे राहून बोलल्यासारखे गाण्याची त्यांची विलक्षण लकब नॅशव्हिलच्या त्या काळच्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणांत सामावणारी नव्हती. तरीही गायक म्हणून ते तेव्हा अपयशी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच वर्षी त्यांच्या आवाजातले ‘टच मी’ कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोहोचले होते.