अमेरिकी विद्यापीठांच्या पुरुष सॉकरमध्ये सर्वाधिक राष्ट्रीय विजेतेपदं कोणाची, इंडियानाची की सेंट लुईसची?

सेंट लुईस विद्यापीठाची: एकूण 10, इंडियानाची 8. मात्र सेंट लुईसची दहाही 1959 ते 1973 मधली आहेत, त्यानंतर एकही नाही. म्हणून अलीकडे सामने पाहू लागलेल्यांच्या तोंडी इंडियानाचंच नाव येतं.

राष्ट्रीय स्पर्धाच 1959 मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच अंतिम सामन्यात सेंट लुईसने ब्रिजपोर्टला 5-2 असं हरवलं. पहिली पाच विजेतेपदं प्रशिक्षक बॉब गेल्कर यांची, पुढची पाच हॅरी किओ यांची. हे किओ म्हणजे 1950 च्या विश्वचषकात इंग्लंडला 1-0 ने नमवणाऱ्या अमेरिकी संघातले बचावपटू. यशामागचं खरं कारण गावातच होतं: सेंट लुईसच्या कॅथलिक पॅरिशच्या (चर्चच्या स्थानिक विभागांच्या) लीगमध्ये मुलं लहानपणापासून खेळायची, त्यामुळे खेळाडू बाहेरून आणावेच लागत नसत.

मोजताना लोक दोन ठिकाणी चुकतात. 1967 चा अंतिम सामना खराब हवामानामुळे 0-0 वर थांबला, म्हणून ते विजेतेपद मिशिगन स्टेटसोबत विभागून आहे. 1971 मध्ये सेंट लुईसला 3-2 ने हरवणाऱ्या हॉवर्डचं विजेतेपद नंतर रद्द झालं, पण ते सेंट लुईसला दिलेलं नाही. तिथे अकरा मोजू नका.