उंदराला ऑटिझम होत नाही

चवथ आटोपून पत्रांची पेटी उघडली, तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच फॉरवर्डबद्दल: 'शास्त्रज्ञांनी उंदरांचा ऑटिझम घालवला!' (ऑटिझम म्हणजे स्वमग्नता: मूल इतरांत मिसळत नाही, तीच तीच कृती करत राहतं.) जनुकात बदल केलेल्या उंदरांचं वागणं मोजण्यात मी बारा वर्षं काढली. आता आनुवंशिक आजार असलेल्या कुटुंबांना सल्ला देते. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

घरात उंदीर फार झालेत. त्यांच्यामुळे मुलांना असे आजार होतात का? (साखळी)

नाही. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची भीती बाळगा, ती खरी आहे.

उंदीर 'मिसळतो की नाही' हे कसं ठरवता? त्याला विचारता तर येत नाही. (फोंडा, शिक्षिका)

तीन खणांची पेटी असते. उंदराला मधल्या खणात सोडायचं. एका बाजूला जाळीच्या पेल्याखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला तसाच रिकामा पेला. दहा मिनिटांत तो कुठे किती वेळ घालवतो ते मोजायचं. चारचौघांसारखा उंदीर पाहुण्याकडे जातो. शिवाय आईपासून दूर केलेली पिल्लं आपल्या कानांना न कळणाऱ्या उंच आवाजात ओरडतात, ते यंत्राने टिपतात. स्वतःचं अंग किती वेळ चाटत बसतो ते घड्याळ लावून पाहतात. भुशावर काचेच्या गोट्या मांडतात आणि अर्ध्या तासात किती पुरल्या ते मोजतात. या गोट्यांवरून कुणी 'तीच तीच कृती' म्हणतं, कुणी 'चिंता'. मला विचाराल तर उंदराला उकरायला आवडतं, बस.

प्रोजेक्टसाठी दुकानातून पांढरे उंदीर आणून हा प्रयोग घरी केला तर? (म्हापसा, टीवायबीएस्सी)

नोंदणी झालेलं प्राणिगृह आणि संस्थेच्या नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी नसेल, तर एकही उंदीर आणायचा नाही. मार्गदर्शकांना भेटा.

एक प्रयोगशाळा एक सांगते, दुसरी भलतंच. विश्वास कोणावर ठेवायचा? (पणजी, निवृत्त अभियंता)

एका निकालावर तर कधीच नाही. १९९९ साली अमेरिका-कॅनडातल्या तीन प्रयोगशाळांनी त्याच वाणांचे उंदीर, तीच उपकरणं, तेच वेळापत्रक घेऊन चाचण्या केल्या, तरी काही निकाल वेगळे आले. २०१४ मध्ये कळलं की हाताळणारा पुरुष असेल तर त्याच्या वासानेच उंदरांना ताण येतो. एफव्हीबी नावाच्या वाणात तर डोळ्याचा पडदा लहानपणीच निकामी होतो. पाण्याखाली लपवलेला चौथरा आठवणीने शोधायची एक चाचणी असते; त्यात असा उंदीर चौथरा शोधू शकला नाही, तर त्याची स्मरणशक्ती गेली म्हणायचं की त्याला दिसत नाही? माझ्या नोंदवहीत जुलैचा एक अख्खा आठवडा लाल रेघ मारून बाद केलेला आहे. पावसात वीज गेली, जनरेटर प्राणिगृहाच्या भिंतीला लागूनच होता, आणि सगळे उंदीर कोपऱ्यात दबून बसले.

नातू साडेतीन वर्षांचा. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. मुलगा म्हणतो, आमच्यात मुलगे उशिराच बोलतात. उंदरांवरचं ते औषध येईपर्यंत थांबावं का? (डिचोली)

आजी, एक दिवसही थांबू नका.

ऑटिझमचं निदान बोलणं, नजर, खेळणं पाहून होतं. उंदराच्या बाबतीत आम्ही एवढंच करतो: माणसात ज्या जनुकाचा बिघाड सापडला, तो उंदरात मुद्दाम घडवतो. फ्रॅजाइल एक्स म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाच्या बिघाडाने येणारी बौद्धिक अक्षमता, कधी ऑटिझमसकट. त्याचा असा उंदीर १९९४ मध्ये तयार झाला. ग्लुटामेट या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा एक ग्राहक (रिसेप्टर) औषधाने दाबला, तर उंदराचे झटके कमी झाले, वागणं सुधारलं. केवढा जल्लोष झाला! मग तशा औषधाच्या माणसांवर चाचण्या झाल्या. खरी गोळी घेणारे आणि खोटी घेणारे यांच्यात फरक दिसेना. २०१४ मध्ये नोव्हार्टिस कंपनीने तो कार्यक्रम बंद केला. उंदरांचे निकाल खोटे नव्हते. ते उंदरांचे होते.

फॉरवर्डमध्ये रेट सिंड्रोमचा, म्हणजे मुख्यतः मुलींना होणाऱ्या मेंदूच्या एका आनुवंशिक आजाराचा, २००७ चा प्रयोगही हमखास असतो. आजारी, वाढलेले उंदीर सुधारले हे खरंच. पण त्या उंदरांच्या जनुकाला जन्माआधीपासूनच बंद-चालू करायची सोय करून ठेवली होती. तुमच्या नातवात ती नाही.

आणि 'मुलगे उशिरा बोलतात' हे वाक्य मला कुठल्याही आजारापेक्षा जास्त छळतं. मुलगे थोडे मागे असतात, साडेतीन वर्षं नव्हे. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तरी दाखवायला हवं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण याच वाक्यावर वर्ष-दीड वर्ष घालवून आलेले असतात, आणि थेरपीला नेमकी तीच वर्षं हवी असतात. देवाला कौल लावायचा तर लावा, पण बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, केसपेपर आधी काढा. प्रथम कान तपासून घ्या, मग विकासतज्ज्ञ बालरोगतज्ज्ञ. जनुकांची कोणती तपासणी करायची ते तेच सांगतील.

एका क्लिनिकने मुलासाठी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलंय, 'उंदरांवर सिद्ध'. कर्ज काढावं का? (मडगाव)

नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही. खरी चाचणी चालू असेल, तर सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. जिथे हप्त्यांची सोय आहे तिथे संशोधन नाही, दुकान आहे. सही करण्याआधी तो कागद तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

माझ्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे. त्याची गुणसूत्र-तपासणी नॉर्मल होती. मला तिसरा महिना चालू आहे. काळजीचं कारण आहे का? (काणकोण)

असू शकतं. साध्या गुणसूत्र-तपासणीत फ्रॅजाइल एक्स निसटतो. त्यासाठी जनुकातल्या सीजीजी या डीएनएच्या अक्षरांची पुनरावृत्ती मोजणारी वेगळी चाचणी लागते. दोनशेच्या वर गेली की जनुक बंद पडतं, ५५ ते २०० म्हणजे वाहक. वाहक आईकडून ते एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलात जाण्याची शक्यता निम्मी. आधी भावाची चाचणी, मग गरज पडली तर तुमची. पण गर्भाच्या तपासणीला वेळेची मर्यादा असते, म्हणून याच आठवड्यात आनुवंशिकी सल्लागाराला गाठा. भावाची जुनी फाईल न्या, आईलाही न्या. आणि जाण्याआधी घरी विचारून ठेवा: आईची पाळी चाळिशीच्या आधीच गेली होती का, आणि आईच्या वडिलांचे हात उतारवयात थरथरत होते का. वाहकांमध्ये या खुणा दिसू शकतात.