मुशीला बेंबी असते का?

(वाचकांचे प्रश्न : या अंकाचा विषय मुशी, म्हणजेच शार्क. मालवण आणि रत्नागिरीच्या बंदरांवर मुशींच्या प्रजननाचा अभ्यास करणाऱ्या, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने उत्तरं दिली आहेत.)

प्रश्न : भावजय बाळंतीण आहे म्हणून बाजारातून हातभर लांबीची मुशी आणली. पोट फाडलं तर आत नऊ पिल्लं, आणि प्रत्येकाला नाळ! माझे हातच थांबले. आई म्हणाली, अशीच असते, धू आणि शिजव. पण माशाला नाळ कशी असेल? (देवगडहून एक वाचक भगिनी)

ताई, तुमच्या आईचं बरोबर आहे, अशीच असते. तुमच्या हातात जे आलं तेच बघायला मी पहाटे चारला उठून बंदरावर जाते. तुमचे हात थांबले, तसे पहिल्या दिवशी माझेही थांबले होते.

वर्णनावरून तुमची मुशी चपट्या, फावड्यासारख्या तोंडाची असणार. शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन. बीएस्सीला ज्यांनी झूलॉजी घेतलं त्यांनी ट्रेमध्ये टाचण्या लावून हीच कापलेली असते. आम्हीही कापली, पण तिच्या गर्भाशयात काय चालतं ते तेव्हा कोणी दाखवलं नाही.

बहुतेक मुशींची अंडी बलकाने भरलेली, मोठी असतात. हिचं अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, मोहरीच्या दाण्याहून लहान. शार्कांमध्ये याहून लहान अंडं माहीत नाही. त्यात बलक जवळपास नसतोच, म्हणजे पिल्लाची शिदोरी पहिल्या दिवसापासून आईच्या अंगातून यायला हवी. म्हणून गर्भ फार लवकर गर्भाशयाच्या भिंतीला चिकटतो, तिथे वार तयार होते आणि वारेपासून पिल्लाच्या छातीपर्यंत नाळ येते. पुढच्या वेळी ती नाळ वाटीभर पाण्यात सोडून बघा. ती गुळगुळीत नसते, तिला बारीक केसांसारखे तंतू असतात आणि पाण्यात ते शेवाळासारखे फुलतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती मोजायची सोडून नुसती बघत बसले होते.

ही आई साधारण 35 सेंटिमीटरची झाली की वयात येते. पाच-सहा महिने पिल्लं पोटात वाढवते आणि जन्मताना ती 12 ते 15 सेंटिमीटरची असतात. वर्षाच्या कुठल्याही महिन्यात गाभण मादी सापडते. आईच्या आकाराप्रमाणे सहापासून अठरापर्यंत पिल्लं असतात, तेव्हा तुमची नऊ अगदी नेहमीची. हे आपल्याच किनाऱ्यावर पूर्वीही कोणीतरी बारकाईने पाहिलं होतं. 1940 च्या दशकात सेटना आणि सारंगधर या दोन शास्त्रज्ञांनी मुंबईच्या मुशी-पाकटांच्या गर्भवाढीवर शोधनिबंध लिहिले. त्यांचे लेख वाचताना मला आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची वही सापडल्यासारखं वाटलं.

आता बाळंतिणीचं. मुशी खाल्ल्याने दूध येतं ही समजूत फक्त कोकणातली नाही. इंग्रजीत एका जातीला ‘मिल्क शार्क’च म्हणतात आणि ते नाव भारतातल्या याच समजुतीवरून पडलं. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुशी शिकारी मासा. तो जितका मोठा आणि वयस्क, तितका त्याच्या मांसात पारा साठतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क टाळावा असं सांगितलेलं आहे. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात मी घरी हट्टाने बांगडा आणि तारली आणायला लावली. आजी आठवडाभर बोलली नाही, मग बोलायला लागली.

प्रश्न : आम्ही वर्गात ‘मासे अंडी घालतात’ असं शिकवत आलो. मग आता काय शिकवायचं? (निवृत्त शिक्षक, सावंतवाडी)

सर, बहुतेक मासे घालतातच, तेवढं वाक्य खरं आहे. मुशींमध्ये मात्र तिन्ही तऱ्हा आहेत. आपल्याकडच्या खडकाळ तळाशी राहणाऱ्या बांबू शार्कच्या जाती चिवट पिशवीत अंडं घालतात. रापणीच्या जाळ्यात कधीकधी ती तपकिरी पिशवी येते आणि लोक तिला शेवाळ समजून फेकतात. काही जातींत अंडं आईच्या पोटातच फुटतं आणि पिल्लू बलकावर वाढतं. अवाढव्य, देवमाशाएवढा व्हेल शार्क यातलाच, 1995 मध्ये तैवानजवळ सापडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्लं होती. आणि तिसरी तऱ्हा देवगडच्या ताईंच्या विळीवर आली ती.

प्रश्न : मी बारावीला आहे. मला असं काम करायचंय, पण घरचे म्हणतात वासानेच पळून येशील. नक्की काय करावं लागतं? (रत्नागिरी)

वासाचं आधी सांगते, कारण त्यालाही कारण आहे. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी टिकावं म्हणून मुशी रक्तात युरिया साठवते. मेल्यावर त्याचा अमोनिया होतो आणि नाकाला झोंबतो. महिन्याभरात नाक सरावतं. केसांतून मात्र जात नाही, ओढणी घट्ट बांध.

कामाला टेप, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी), वही आणि ओळख लागते. ओळख सगळ्यांत महत्त्वाची. लिलाव होईपर्यंत मासा माझा नसतो, त्यामुळे टोपली ओतली की दोन मिनिटांत नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची. नर की मादी ते बघायचं. नराला पोटाखालच्या परांशी दोन दांड्या असतात, त्या कडक झाल्या असतील तर तो वयात आलाय. मादीचं आतलं बघायला मी मासे कापणाऱ्या एका मावशींच्या शेजारी पाटावर बसते. त्या विळीवर पोट फाडतात आणि गर्भाशय माझ्या डब्यात टाकतात. मणकेही मागून घेते. मुशीला हाडं नसतात, सगळी कूर्चा, पण मणक्याची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. गणित आणि सांख्यिकी सोडू नकोस. मी सोडलं होतं आणि पहिलं अख्खं वर्ष ते परत शिकण्यात गेलं.

प्रश्न : मुशी कमी होताहेत म्हणतात. मग खायचीच नाही का? मच्छीमारांनी काय करायचं? (मालवण)

हा प्रश्न मला बंदरावर रोज विचारतात. कधी रागाने विचारतात, आणि तो राग मला समजतो. मुशी पकडायला इथे फारसं कोणी जात नाही. ट्रॉलरला, गिलनेटला दुसऱ्या मासळीबरोबर येते ती येते.

माझं म्हणणं एवढंच की ‘मुशी’ या एका शब्दात आपण फार वेगवेगळी आयुष्यं भरून टाकलीत. 50 सेंटिमीटरचा स्कोलिओडॉन घ्या. ती पूर्ण वाढलेली आई आहे, तिने कदाचित दोन-तीन वेळा पिल्लं दिलीत. त्याच टोपलीत, त्याच दराने, 50 सेंटिमीटरची हातोडीसारख्या डोक्याची मुशी असते. ती नुकती जन्मलेली असते. तिची मादी वयात यायला दोन मीटरच्या पुढे वाढावी लागते आणि त्याला कित्येक वर्षं जातात. 2019 पासून ही जात संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. पहिलीला थोडी मासेमारी झेपते, दुसरीला झेपत नाही. आणि वजनकाट्यावर दोघी सारख्याच.

गेल्या वर्षी पावसाळी बंदी उठल्यावर एका सकाळी एकाच टोपलीत अकरा हातोड्या आल्या. सगळ्या दोन-अडीच वीत. तांडेलांना, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांना, विचारलं तर म्हणाले, खाडीच्या तोंडाशी, सात-आठ वाव (साधारण 13-14 मीटर) पाण्यात. म्हणजे पिल्लं उथळ पाण्यात वाढतात ते आपल्या दारातच. अशा जागा नेमक्या कुठे आणि कुठल्या महिन्यांत, हे कळलं तर तेवढीच जागा तेवढ्याच दिवसांसाठी सोडायचं बोलता येईल. अख्ख्या समुद्राची बंदी कोणाच्याच पोटाला परवडणारी नाही. माझ्या वहीत म्हणूनच प्रत्येक टोपलीपुढे जागा लिहिलेली असते, आणि ती मला तांडेलच सांगतात.

विकत घेणाऱ्याने एक करावं. मुशी उताणी करा आणि छातीच्या दोन परांच्या मधोमध बोट फिरवा. तिथे फट किंवा ओला व्रण लागला तर ती बेंबी आहे. नाळ नुकती तुटली आहे, काही आठवड्यांत तो व्रण भरून येतो. असं पिल्लू घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्या ताईंना सांगा. त्या ऐकतात. माझ्या मावशी हल्ली टोपली ओतली की मी टेप काढायच्या आधीच एकेक उताणी करतात आणि हाक मारतात, ‘‘गो, ही बघ, हिची बेंबी अजून ओली आसा.’’